पश्चिमेकडील कुंपणाची हकीकत

श्री. जो बीजात निजतो, मातीत कूस बदलतो आणि पाण्याच्या हाकेने जागा होतो, त्यास नमन असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, दक्षिणायन, वर्षा ऋतू, श्रावण वद्य पंचमी, ते दिवशी राज्यावर जो प्रसंग गुदरला तेथून ही हकीकत चालू होते. लिहिणाराने जे पाहिले ते पाहिले म्हणोन लिहिले, जे ऐकिले ते ऐकिले म्हणोन लिहिले, आणि जो संशय आला तो संशय म्हणोनच लिहिला. वाचणाराने तिन्ही एका टोपलीत घालू नयेत.

राज्य म्हणावे तर घरामागील परसू. लांबी बत्तीस पावले, रुंदी एकोणीस. पूर्वेस घराचे मागील दार, उत्तरेस विहीर, दक्षिणेस खताचा खड्डा, आणि पश्चिमेस काट्याकुट्यांचे कुंपण, त्यात एक खिंड, एक माणूस आडवे होऊन निघेल इतकी. आत प्रजा बहुत. मांडवावर तवसे म्हणजे थोर काकडी, पडवळ व दोडके, जमिनीवर भोपळा, ओलाव्याशी अळू, वाफ्यात मिरची व वांगी; आणि कुंपणापासून दोन हात आत पपनसाचे एक झाड, बारा वर्षांचे, अंगाने धिप्पाड, पण एक फळ कधी दिले नाही. या राज्यावर मातोश्री मनोरमाबाई यांनी चाळीस वर्षे अंमल केला. पहाटे उठावे, वेलांची चौकशी करावी, किडीस शासन करावे, कोवळ्यास आधार द्यावा, निबर झाले ते उतरावे, ऐसा त्यांचा क्रम. श्रावण वद्य पंचमीस दोडके काढून टोपली ओट्यावर ठेविली, आणि मातोश्री टोपलीशेजारी बसल्या त्या उठल्या नाहीत.

कन्या एकुलती, नाव सुलक्षणाबाई, वय बेचाळीस, अविवाहित, शहरात राहून भाषांतराची कामे करीत, वाचन दांडगे. निरोप पोहोचला, मग बाईसाहेब निघाल्या, आणि घाटात दरड येऊन गाडी अडली, आणि दुसरे दिवशी दोन प्रहरी पोहोचल्या. मग सारे विधी स्वहस्ते केले आणि सुतकात बसल्या. आता त्या मुलखाचा दंडक ऐसा की सुतकातील माणसाने रोपास हात लावू नये, वेल बांधू नये, फळ तोडू नये. म्हणोन बाईसाहेब मागील खिडकीशी बसून राज्य नुसते पाहत. आणि पाहता पाहता त्यांचे ध्यानी आले की राज्यात कोणी वावरते. आज पडवळाचा लोंबता वेल उद्या काथ्याने बांधलेला. आज मांडवावर सात दोडके, उद्या दोन. आणि मांडवाच्या मधोमध एक थोर तवसे होते, पिकून पिवळे होऊ लागलेले, त्याच्या देठास मातोश्रींनी लाल चिंधी बांधिली होती. चिंधी म्हणजे हुकूम: हे बियाण्याचे, यास कोणी हात लावू नये. सहावे दिवशी सकाळी पाहतात तो तवसे नाही. चिंधी मात्र खिंडीतल्या काट्यास अडकून वाऱ्यावर हालत होती.

मग बाईसाहेबांनी जानू गड्यास बोलाविले. हा जानू वर्षातून चार महिने राज्याची सेवा करी आणि बाराही महिने राज्याच्या बातम्या गावास पुरवी. बाईसाहेब विचारत्या जाहल्या, "जानू, तवसं कुणी नेलं?" जानू बोलिला, "बाय, मी कशाला कुणाचा नाव घेव? पन द्वारकाकाकींच्या पदरात कायतरी जड होता ता माज्या डोल्यांनी बगितलाय." द्वारकाकाकू म्हणजे पश्चिमेकडील राज्याच्या स्वामिनी. वय एकाहत्तर, वैधव्यास वीस वर्षे, कमरेस सदा कोयती, आवाज ऐसा की विहिरीपलीकडे बोलल्या तर घरातील मांजर उठून बसे. "विचारलं नाहीस?" जानू म्हणे, "माज्या मानेवर एकच डोका हाय, बाय."

चौदावे दिवशी काकू खुद्द खिंडीतून आल्या, हाती झाकलेले ताट. त्या वर्षी घरात गणपती आणावयाचा नव्हता, मखर माळ्यावरच राहिले, आणि बाईसाहेब ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. काकूंनी ताट पुढे सरकविले. आत धोंडस नावाचे भाजलेले पक्वान्न, गुळाचे, वेलची घातलेले. म्हणाल्या, "खा गो. तोंडाची चव जाते या दिवसांत." बाईसाहेबांनी एक तुकडा घेतला आणि विचारिले, "तवशाचं आहे का, काकू?"

"मग कशाचं असणार?"

"तवसं कुठलं?"

"तुझ्या मांडवावरचं. माझ्या वेलाला औंदा नुसता पाला."

"चिंधी बांधलेलं?"

"तेच. तू शिवणार नाहीस, जानूला कळणार नाही. कुजून पडलं असतं. बी काढून ठेवलंय मी."

हे ऐकोन बाईसाहेबांनी हातातला तुकडा फिरवून पाहिला. चोर चोरी कबूल करितो, आणि वर चोरलेला माल गूळ घालून धन्यास खाऊ घालितो, ऐसा चोर कोणत्याही ग्रंथी वाचला नव्हता. आणि त्याहून कठीण गोष्ट ती बियाची. मातोश्रींचे तवसे गावात दुसरे कोणाकडे नव्हते. त्याचे बी आता परराज्याच्या खजिन्यात. बाईसाहेबांनी मनात म्हटले, आज बी नेले, उद्या वाफे नेतील, परवा विहीर. आणि मुखाने म्हटले, "छान झालंय." आणि दुसरा तुकडा घेतला, कारण ते खरेच छान झाले होते, आणि याचा राग त्यांस अधिक आला.

मग भाद्रपद गेला आणि आश्विन लागला, आणि बाईसाहेबांनी अंमल हाती घेतला. बागकामाची चार पुस्तके मागविली, एकात पट्टीने अंतर मोजून रोपे लावावी ऐसे लिहिले होते तेणेप्रमाणे लावली, आणि मुळ्याचे बी इतके खोल पेरले की ते अद्याप वर आले नाही. एके सकाळी भोपळ्याच्या वेलाचे सारे शेंडे खुडलेले आढळले. बाईसाहेबांनी शेंडे मोजिले, सतरा. जानू म्हणे, "काकींचा हात हलका, नखान खुडतत, आवाज पन येनार न्हाय." बाईसाहेबांस रात्रभर खुडलेले शेंडे दिसत राहिले. पुढे पंधरा दिवसांत त्याच वेलास बगलफुटी फुटून बारा भोपळे धरिले, तेव्हा बाईसाहेबांनी पुस्तक उघडोन पाहिले, आणि शेंडा खुडण्याचे प्रकरण पुस्तकात होते, परंतु त्यांनी ते वाचिले नव्हते. तथापि संशय काही कमी जाहला नाही. उपकारही न विचारता करणे हा आक्रमणाचाच एक प्रकार, ऐसे त्यांचे मत पडले.

कार्तिकात मांडव उतरविला, वेल वाळले ते खतात घातले, आणि माठ, वाल व वांगी यांचे वाफे केले. मग बाईसाहेबांनी हेरगिरीची तजवीज केली. चुलीची राख चाळणीने चाळून खिंडीपासून वाफ्यापर्यंत पसरिली, हेतू हा की पाऊल उमटावे आणि येणाराचा माग लागावा. वारा सुटला आणि राख वाफ्यावर उडाली, मग पुन्हा पसरिली, ती पुन्हा उडाली. आठ दिवस हा उद्योग चालिला. नववे दिवशी काकू कुंपणापलीकडून हाक मारत्या जाहल्या, "सुलू, राख टाकलीस वांग्यांवर?"

बाईसाहेब पकडल्या गेल्या ऐसे होऊन म्हणाल्या, "हो. का?"

"का काय? मावा पार गेला. मला वाटलं होतं तुला पुस्तकातलंच कळतं. ही अक्कल आईची हो!"

आणि काकू हसत आत गेल्या. बाईसाहेब वाफ्याशी वाकून पाहतात तो खरेच पानांमागे मावा नाही, वांगी तजेलदार. शत्रूस पकडावयास टाकिलेली राख पिकास लागू पडली, आणि शत्रूने शाबासकी दिली. आता यात डाव कोणता, हे काही केल्या उमगेना. आणि राखेवर पाऊल म्हणाल तर एकच उमटले होते, ते जानूचे.

मग पौष आला. थंडी पडली, वाल शेंगांस आला, विहिरीचे पाणी खाली गेले, आणि जानूने मोठी बातमी आणिली. "बाय, काकी पपनसाकडं आल्यावत्या. बुंध्यावर हात फिरवला, वर बगितला, आनि कायतरी पुटपुटल्या. बरोबर त्यांचा भाचा व्हता. त्याला दाखवत व्हत्या हाताना, असा, मुळापासून वर." जानूने हात कापल्यासारखा फिरवून दाखविला. आता या झाडाविषयी पूर्वी तक्रार होती, ती ऐसी की झाड लाविले तेव्हा काकूंचे यजमानांकडील कोणी म्हटले, झाड कुंपणाबाहेर येते. आणि मातोश्रींनी उत्तर केले, मूळ आमचे, सावली दोघांची. तेथे तंटा मिटला. परंतु मातोश्री गेल्या, आणि तंटे माणसाबरोबर जातातच ऐसे नाही. बाईसाहेबांनी गोष्टी जुळवून पाहिल्या. बी गेले, शेंडे गेले, आता झाड. झाड गेले की कुंपण दोन हात आत सरकेल. मातोश्रींनी आपल्या हाताने लाविलेले, आळे करून, पाणी घालून वाढविलेले एवढे एकच झाड त्या परसात होते, बाकी सारे वेल व वाफे वर्षाचे वर्षास जाणारे. ते वाचवावयाचे, हा निश्चय केला. सिमेंटचे खांब व लोखंडी जाळी मागविली, खिंड बुजवावयाची, मागील दारास कुलूप घालावयाचे, किल्ली जानूपाशी देऊन आपण शहरास परत जावयाचे. पाणी जानू घालील, आठवले तर. सामान बांधिले. माघ वद्य चतुर्दशीपर्यंत नऊ खड्डे खणून झाले. खांब दुसरे दिवशी पुरावे तो कामकरी म्हणाले, अवसेस खांब पुरत नाहीत. बाईसाहेब म्हणाल्या, मी असले मानीत नाही. कामकरी म्हणाले, आम्ही मानतो, परवा पाडव्यास येऊ. मग एक दिवस थांबणे आले.

माघ अमावास्या, सकाळची वेळ, ऊन कोवळे, बाईसाहेब ओट्यावर चहा घेत बसल्या होत्या. इतक्यात पश्चिमेकडून आवाज उठला, "बारा वर्षं झाली! खातोस, पितोस, अंगावर मुंगळे पोसतोस, आणि फळ म्हटलं की तोंड फिरवतोस! आज सोडत नाही. आज मुळासकट घालवते तुला!" आणि कोयती बुंध्यावर आदळल्याचा ठक ऐसा नाद जाहला. बाईसाहेबांचे हातून कप सुटला. पायात वहाण नाही, पदर सावरला नाही, तांबड्या माठाचा उभा वाफा तुडवीत खासा स्वारी धावली, आणि झाडास पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. पुढे द्वारकाकाकू, कोयती उगारलेली.

"काकू! खबरदार! एक पाऊल पुढे टाकू नका!"

काकूंनी बाईसाहेबांकडे पाहिले नाही. झाडाच्या शेंड्याकडे पाहून त्या बोलिल्या, "का? कशाला ठेवायचं याला?"

"आईनं लावलंय!"

"लावलं असेल. फळ देत नाही त्याचं करायचं काय?"

"देईल!"

"बारा वर्षांत दिलं नाही."

"दिलं नाही म्हणून देणार नाही असं थोडंच? देईल! पुढच्या वर्षी देईल!"

"कोण सांगतं?"

"मी सांगते!"

"नुसतं सांगून काय होतं? जामीन कोण राहणार?"

"मी राहते!" बाईसाहेब ओरडल्या, आणि त्यांचा आवाज विहिरीवरून फिरून परत आला. "मी जामीन. हात लावाल तर याद राखा."

काकूंनी कोयती हळू खाली केली. म्हणाल्या, "बरं तर. जामीन मिळाला म्हणून सोडते. पुन्हा सोडणार नाही, ऐकतोस ना रे?" हे झाडास. आणि कोयती कमरेस अडकवून बाईसाहेबांस म्हणाल्या, "आता पाणी घाल त्याला. विहिरीच्या कट्ट्यावर तांब्या आहे."

बाईसाहेबांस काही समजेना. हात अजून पसरलेलेच होते. काकू झाडाखाली मातीत बसल्या, गुडघे चोळिले, आणि म्हणाल्या, "हात खाली घे गो, दुखतील. माघी अवसेला न फळणाऱ्या झाडाला धाक घालायचा असतो. एकीनं कोयती घेऊन यायचं, दुसरीनं आडवं यायचं आणि जामीन राहायचं. मग झाड लाजतं. चार वर्षं आम्ही दोघी करतोय हे. कोयती माझी, जामीन तुझी आई."

"आणि भाचा? पौषात?"

"त्याला विचारत होते, छाटणी करायची का म्हणून. कृषीचं शिकलाय ना तो. म्हणतो, तीन फांद्या काढा. काही कळत नाही मेल्याला."

बाईसाहेब बोलिल्या, "आई काय म्हणायची?"

काकू म्हणाल्या, "तुझ्यासारखी ओरडायची नाही बाई. हळू यायची, हात पुसत. वरही बघायची नाही. 'राहू दे गं द्वारके,' म्हणायची, 'उशीर लागतो काहींना.' एवढंच. आणि मग मी सोडायची."

मग बाईसाहेब कट्ट्यापाशी गेल्या. तांब्या तेथे होता, पितळेचा, मातोश्रींचा, आणि काठोकाठ भरलेला. तो आणिला आणि बुंध्याशी धार धरिली. पाणी संपले, तरी त्यांनी तांब्या तैसाच ओणवा धरिला होता, आणि काकू दुसरीकडे, वालाच्या शेंगांकडे, पाहत बसल्या. मग तांब्या सरळ करून बाईसाहेबांनी विचारिले, "पण या वर्षी आडवं यायला कोणीच नव्हतं. मग तुम्ही एकट्या कशाला आलात?"

"धाक चुकवून चालत नाही. पुढचं ज्याचं त्यानं बघावं."

मग त्या बाईसाहेबांस आपल्या घरी घेऊन गेल्या. सहा महिन्यांत बाईसाहेबांनी त्या राज्यात पाऊल ठेविले ते हे पहिले. स्वयंपाकघराच्या भिंतीस शेणाच्या दोन थापट्या लाविलेल्या, राखेत घोळलेले तवशाचे बी त्यांत दाबिलेले, आणि एकीवर कोळशाने लिहिलेले, मनू. काकू म्हणाल्या, "ती तुझी. ही माझी. आमचं असंच असायचं. बी एका घरात ठेवू नये, एक घर बंद पडलं तर दुसऱ्यात राहतं." बाईसाहेबांनी थापटीस हात लाविला. ती कडक वाळली होती. काढोन नेत नाही, तेथेच असो, म्हणाल्या. काकूंनी चहा ठेविला, त्यात साखर फार घातली, आणि सहज बोलावे तैसे बोलिल्या, "एक राहिलं सांगायचं. जामीन राहिलेल्या माणसानं पाणी आपल्या हातानं घालायचं असतं, आषाढापर्यंत, रोज. जानूच्या हातचं चालत नाही."

"हे आईनं कधी सांगितलं नाही मला."

"तिला कुठं जायचं होतं?"

आता हा नियम पुरातन, की चहा उकळेपर्यंत नवा निर्माण जाहला, याचा शोध लागत नाही. बाईसाहेबांनी काकूंचे मुखाकडे निरखोन पाहिले. तेथे काही दिसले नाही, वाफेने काकूंचा चष्मा धूसर जाहला होता.

पाडव्यास कामकरी आले. बाईसाहेबांनी हुकूम केला की खांब पुरावे, जाळीही मारावी, कारण पैसे दिले आहेत आणि गुरे शिरतात. परंतु खिंडीच्या जागी फाटक करावे. फाटक जाहले, कडी राज्याच्या आतील बाजूस. काकू पाहावयास आल्या आणि म्हणाल्या, "कडी तुझ्याच बाजूला?" बाईसाहेब म्हणाल्या, "हो." काकू म्हणाल्या, "बरं केलंस." त्या दिवसापासून सांजेस बाईसाहेब कडी लावीत आणि सकाळी ती उघडी सापडे. जाळीचे भोक मोठे, हात आत जातो, हे दोघीही जाणत होत्या. बांधिलेले सामान सोडिले. मुळा पुन्हा पेरिला, या वेळी वरवर. जानूने गावात बातमी दिली की बाय काकींच्या कह्यात गेल्या, आणि दुसरी बातमी दिली की काकी बायच्या कह्यात गेल्या, आणि गावाने दोन्ही खऱ्या मानिल्या.

येणेप्रमाणे क्रोधीनाम संवत्सरी पश्चिमेकडील कुंपणाची हकीकत जाहली. फाल्गुन वद्यापर्यंत पपनसास फूल नाही, फळ नाही, जामीन कायम. संशयांपैकी बियाचा फिटला, शेंड्यांचा फिटला, छाटणीचा फिटला. दोन मात्र शिल्लक राहिले: नियम कोणी केला, आणि तांब्या आधीच भरून तेथे कोणासाठी ठेविला. विचारावे तर द्वारकाकाकू खरे ते सांगतील, या भयाने बाईसाहेबांनी विचारिले नाही.